दारू सुटावी म्हणून एका सुताराने रेल्वे बुक केली आणि त्यातून युरोप टूर जन्माला आली

समजा, तुमच्या हातात फक्त सहा दिवस आहेत आणि युरोप बघायचाय. काय कराल? मोबाईल उघडाल. लंडनहून युरोस्टार पकडली की सव्वादोन-अडीच तासांत पॅरिस. पॅरिसहून टीजीव्ही पकडली की साधारण सव्वातीन तासांत जिनिव्हा. तिकीट मोबाईलवर, हॉटेल मोबाईलवर, पैसे कार्डावर. एका संध्याकाळी सोफ्यावर बसून अख्ख्या ट्रिपचा प्लॅन तयार होतो.

आता हाच प्लॅन १८५० साली करायचा असता तर? प्रत्येक रेल्वे कंपनीचं तिकीट वेगळं, तेही त्या त्या स्टेशनवर जाऊनच काढायचं. प्रत्येक देशाचं चलन वेगळं आणि घड्याळही वेगळं. हॉटेल चांगलं आहे की लुटारू, हे तिथे पोचल्यावर कळणार. भाषा येत नाही. थोडक्यात विषय असा होता, की युरोप फिरायचा तर हाताशी नोकर-चाकर, ओळखीपाळखी आणि भरपूर पैसा पाहिजे. शाळामास्तर, दुकानदार, कारकून यांनी त्या वाटेला जायचंच नाही.

हे चित्र ज्याने बदललं त्याचं नाव आज जवळपास सगळ्यांना माहीत आहे. थॉमस कुक. पण नाव कंपनीचं म्हणून माहीत आहे. त्या नावाचा एक माणूस होता, तो सुतारकाम शिकलेला होता, त्याने दारूला जन्मात हात लावायचा नाही अशी शपथ घेतली होती आणि पर्यटनाचा धंदा करायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

दिवसाला एक पेनी

थॉमस कुकचा जन्म २२ नोव्हेंबर १८०८ चा, इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातल्या मेलबर्न नावाच्या गावातला. ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न ते वेगळं. घरची परिस्थिती बेताची. थॉमस तीन-चार वर्षांचा असतानाच वडील वारले, आईने दुसरं लग्न केलं. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगं एका माळ्याच्या हाताखाली दिवसाला एक पेनी मजुरीवर कामाला लागलं. पुढे मामाकडे सुतारकाम शिकायला गेलं.

हातात रंधा होता, पण ओढ होती धर्माची. बाप्टिस्ट पंथाचा प्रभाव घरातून आलेला. १८२८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी थॉमस गावोगाव फिरणारा प्रचारक झाला. हे फिरणं म्हणजे खरोखरचं फिरणं होतं. १८२९ या एका वर्षात तो २ हजार मैलांहून जास्त अंतर नुसतं पायी चालला, अशी नोंद आहे. पुढे ज्याने लाखो लोकांना गाडीत बसवलं, त्याच्या स्वतःच्या प्रवासाची सुरुवात अशी पायपिटीने झाली होती.

पुढे प्रचारकाचा पगार थांबला. १८३३ साली मेरियन मेसन हिच्याशी लग्न झालं, दुसऱ्याच वर्षी मुलगा जॉन झाला. कुटुंब चालवायला थॉमस मार्केट हार्बरो या गावात पुन्हा सुतारकाम करू लागला.

हा काळ इंग्लंडमध्ये कारखान्यांचा होता. बारा-बारा, चौदा-चौदा तास राबायचं आणि हातात पडलेला पगार दारूच्या गुत्त्यावर उडवायचा, हे कामगारांच्या वस्त्यांमधलं रोजचं चित्र. आपल्याकडे गिरणगावाने जे पाहिलं, तेच तिकडे आधी घडत होतं. त्याविरुद्ध दारूबंदीची चळवळ उभी राहिली होती. थॉमसने दारू न पिण्याची शपथ घेतली आणि चळवळीत झोकून दिलं. सभा घ्यायच्या, पत्रकं छापायची, लोकांना समजवायचं.

पण त्याला एक गोष्ट कळत होती. माणूस गुत्त्यावर जातो, कारण सुट्टीच्या दिवशी जायला दुसरी जागाच नसते. नुसतं दारू सोड म्हणून चालत नाही. त्या जागी काहीतरी द्यावं लागतं.

चालता चालता सुचलेली आयडिया

९ जून १८४१. थॉमस दारूबंदीच्या एका सभेसाठी मार्केट हार्बरोहून लेस्टरला निघाला होता. अंतर साधारण २४ किलोमीटर, अर्थात पायी. लेस्टरवरून जाणारी रेल्वे सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. वाटेत त्याच्या डोक्यात विचार आला, की ही नवी रेल्वे आणि आपली चळवळ यांची सांगड घातली तर?

सभेत त्याने प्रस्ताव मांडला. पुढच्या महिन्यात लफबरो गावात दारूबंदीचा मेळावा आहे, तिथे जायला एक स्पेशल गाडीच ठरवू. लोकांनी उचलून धरलं. थॉमस मिडलँड काउंटीज रेल्वेच्या कचेरीत गेला. एवढी माणसं एकदम आणून देतो, पण भाडं कमी करा, असा तो सौदा होता. कंपनी तयार झाली.

५ जुलै १८४१ ला सुमारे ५०० माणसं लेस्टर स्टेशनवर जमली. जाऊन येऊन भाडं प्रत्येकी एक शिलिंग. बहुतेकांना मिळाले ते बिनछपराचे उघडे डबे. सोबत बँड होता. जेमतेम १८ किलोमीटरचा प्रवास, पण त्यातल्या अनेकांसाठी आयुष्यातला पहिलाच रेल्वे प्रवास. लफबरोच्या एका बागेत चहा, खेळ आणि भाषणं झाली आणि रात्री सगळे धडधाकट घरी परतले.

या ट्रिपमधून थॉमसने धंदा केला नव्हता. पण गंमत त्याच्या लक्षात आली होती. रेल्वेला रिकामे डबे भरायचे असतात, लोकांना स्वस्तात फिरायचं असतं आणि दोघांच्या मध्ये उभं राहून सगळं जुळवून देणारा माणूसच नाहीये. पुढची तीन-चार वर्षं त्याने चळवळीतल्या लोकांसाठी आणि संडे स्कूलच्या मुलांसाठी अशाच ट्रिपा काढल्या. मग १८४५ च्या उन्हाळ्यात लेस्टरहून लिव्हरपूलची पहिली धंदेवाईक टूर काढली. निघण्याआधी तो स्वतः त्या मार्गावरून फिरून आला, हॉटेलं पाहून आला आणि प्रवाशांसाठी माहितीची पुस्तिका छापली. आज ज्याला आपण आयटिनररी म्हणतो, ते हेच.

फसलेल्या ट्रिपने शिकवलं

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. १८४६ साली साडेतीनशे लोकांना घेऊन तो स्कॉटलंडला निघाला. तेव्हा गाड्यांमध्ये शौचालय नसायचं. प्रेस्टनला चहा मिळेल असं सांगितलं होतं, तो मिळालाच नाही. पुढे बोटीत केबिन कमी पडल्या आणि बऱ्याच जणांनी रात्र पावसात डेकवर काढली. ग्लासगोला बँड आणि तोफांची सलामी देऊन स्वागत झालं, पण तिथवर पोचलेले प्रवासी वैतागलेले होते.

कुकने यातून धडा घेतला. प्रवासात सगळ्यात जास्त त्रास गाडीत बसल्यावर होत नाही. तो होतो दोन गाड्यांच्या मधल्या सांध्यावर. एक उतरलो, दुसरी कुठे? जेवण कुठे? रात्र कुठे काढायची? हे सांधे आधीच जुळवून ठेवणं हेच आपलं काम, हे त्याला पक्कं समजलं.

त्याची मोठी परीक्षा १८५१ साली झाली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जगभरातल्या वस्तूंचं महाप्रदर्शन भरलं होतं. कुकने कामगारांना हप्त्याहप्त्याने पैसे साठवायला लावले, त्यासाठी स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. रेल्वे कंपन्यांमध्ये भाड्याची मारामारी लागली आणि १५ शिलिंगांचं भाडं ५ शिलिंगांवर आलं. कुक डगमगला नाही. त्याने आणि त्याच्या सतरा वर्षांच्या मुलाने, जॉनने, मिळून दीड लाखांहून जास्त लोकांना लंडन दाखवून आणलं. जे लोक आपल्या तालुक्याबाहेर गेले नव्हते, ते राजधानी बघून आले.

दार बंद झालं म्हणून युरोप उघडला

इंग्लंड झालं, स्कॉटलंड झालं. आता समुद्रापलीकडे.

१८५५ साली पॅरिसमध्ये प्रदर्शन होतं. लंडनहून पॅरिसचा सरळ रस्ता म्हणजे इंग्लिश खाडी ओलांडून जाणारा. पण त्या मार्गावरच्या कंपन्यांनी कुकला सवलत द्यायला नकार दिला. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. कुकने नकाशा पुढे ओढला आणि वळसा घालायचं ठरवलं. हार्विच बंदरातून बोटीने अँटवर्प, तिथून ब्रुसेल्स, कोलोन, ऱ्हाइन नदीतून प्रवास, हायडलबर्ग, स्ट्रासबर्ग आणि मग पॅरिस. नाइलाजाने घातलेला हा वळसाच एक भन्नाट टूर बनला. आज ब्रुसेल्स, कोलोन आणि पॅरिस ही शहरं एकाच हायस्पीड मार्गावर आहेत आणि कोलोनहून पॅरिसला साडेतीन तासांच्या आत पोचता येतं. तेव्हाच्या त्या टूरमध्ये मात्र कुकला पदरचे पैसे घालावे लागले.

मग १८६२ च्या सुमाराला दुसरा दणका बसला. स्कॉटलंडच्या रेल्वे कंपन्यांनी कुकला तिकिटं देणंच बंद केलं. त्यांना वाटलं, लोक आता येतातच, मध्ये हा कशाला? कुकचा सगळ्यात चालता धंदा एका फटक्यात गेला. वय होतं ५४.

त्याने मोर्चा स्वित्झर्लंडकडे वळवला. जून १८६३ च्या अखेरीस शंभराहून अधिक लोकांना घेऊन तो लंडनहून निघाला. पहाटे गाडी, मग न्यूहेवनहून बोट, फ्रान्सच्या दिएप बंदरात उतरून पुन्हा गाडी. पॅरिसला पोचेपर्यंत रात्र झाली. त्यातला एक गट पुढे जिनिव्हा आणि आल्प्समध्ये गेला. या गटात यॉर्कशायरची जेमिमा मॉरेल नावाची तरुणी होती. तिने रोजची हकिगत लिहून ठेवली. लांब घेरदार झगे घालून या बायका घाट चढल्या, बर्फावर चालल्या, पहाटे उठून रिगी पर्वतावरून सूर्योदय पाहिला. जेमिमाचं ते बाड पुढे हरवलं, दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यात पडलेल्या एका इमारतीच्या ढिगाऱ्यात सापडलं आणि १९६३ साली, त्या टूरला शंभर वर्षं झाल्यावर छापलं गेलं.

जेमिमासारख्या बायका हा कुकच्या टूरचा मोठा भाग होता. त्या काळी बाईने एकटीने परदेशात जाणं म्हणजे चर्चेचा विषय. पण कुकच्या टूरमध्ये सोबत होती, मुक्कामाची खात्री होती आणि दारूबंदीवाल्या माणसाच्या टूरला नावं ठेवायची सोय नव्हती. त्यामुळे शिक्षिका, लग्न न झालेल्या बहिणी, विधवा अशा कितीतरी जणी घराबाहेर पडल्या.

बड्या लोकांना पोटशूळ

हे सगळ्यांना आवडलं असं नाही. इटली, स्वित्झर्लंड ही श्रीमंतांची ठिकाणं होती. तिथे आता कारकून आणि मास्तर घोळक्याने फिरू लागले. १८६५ साली चार्ल्स लिव्हर या कादंबरीकाराने, जो इटलीत ब्रिटनचा अधिकारीही होता, मासिकात लेख लिहून कुकच्या प्रवाशांची यथेच्छ टर उडवली. एवढंच नाही, तर ऑस्ट्रेलियाने घ्यायला नकार दिलेले गुन्हेगार सरकार या टूरच्या नावाखाली इटलीत सोडतंय, अशी थापही मारून दिली. काहींना ती खरी वाटली.

कुक गप्प बसला नाही. त्याने छापील उत्तर दिलं. देवाने केलेले डोंगर आणि माणसाने बांधलेली शहरं ही फक्त खानदानी लोकांची मालमत्ता नाही, असा त्याचा एकूण सूर होता. दिवसाला एक पेनी कमावलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नव्हतं.

चार डोकेदुख्या, चार उपाय

कुकने रेल्वे शोधली नाही, बोट शोधली नाही. त्याने शोधलं ते प्लॅनिंग. परदेशी जाणाऱ्या माणसाच्या चार डोकेदुख्या होत्या आणि त्याने एकेक करून चारही सोडवल्या.

पहिली डोकेदुखी तिकिटाची. अनेक कंपन्यांच्या गाड्यांची आणि बोटींची तिकिटं त्याने एकत्र करून एकाच जागी विकायला सुरुवात केली. निघण्याआधीच परतीसकट सगळा प्रवास खिशात. आजचा युरेल पास हा याच विचाराचा नातू म्हणता येईल.

दुसरी मुक्कामाची. १८६८ साली त्याने हॉटेल कुपन आणली. कुपन लंडनमध्ये विकत घ्यायचं आणि ठरलेल्या हॉटेलात राहणं आणि जेवण यांच्या बदल्यात द्यायचं. भाव आधीच ठरलेला, त्यामुळे परका बघून कापायची सोयच नाही.

तिसरी वेळापत्रकाची. मार्च १८७३ मध्ये कुकच्या कंपनीने युरोपभरच्या गाड्यांचं एकत्र वेळापत्रक छापलं. देशोदेशीची घड्याळंसुद्धा जुळत नव्हती, अशा काळात हे पुस्तक निघालं. पुढे जवळपास दीडशे वर्षं, दुसऱ्या महायुद्धाचा काळ सोडला तर, युरोप रेल्वेने फिरणाऱ्याच्या पिशवीत ते असायचंच.

चौथी पैशाची. १८७४ साली त्याने सर्क्युलर नोट काढली. ती दाखवली की ठरलेल्या बँकेत किंवा हॉटेलात तिथलं चलन मिळायचं. ट्रॅव्हलर्स चेकचा हा पूर्वज.

याच सुमारास कुकने स्वतः पृथ्वीप्रदक्षिणाही केली. १८७२ च्या सप्टेंबरमध्ये थोड्या प्रवाशांना घेऊन तो अमेरिकेच्या दिशेने निघाला आणि जपान, चीन, भारत असं करत २२२ दिवसांनी परतला. मुंबई-कलकत्ता रेल्वे १८७० मध्येच जोडली गेली होती. कलकत्त्यात उतरून उत्तर भारत पाहत तो रेल्वेने मुंबईला आला आणि तिथून बोटीने पुढे गेला. १८८१ साली मुंबईत कंपनीची कचेरी उघडली. पुढे काही वर्षं हिंदुस्थानातून मक्केला जाणाऱ्या हज यात्रेकरूंच्या प्रवासाची व्यवस्थाही सरकारने याच कंपनीकडे दिली होती.

बाप विरुद्ध मुलगा

इथवर वाचून वाटेल, की म्हातारपण सुखात गेलं असेल. तसं झालं नाही.

जॉन मेसन कुक बापासारखाच कष्टाळू होता, पण स्वभाव वेगळा. बापासाठी टूर म्हणजे समाजसेवा. कुणा गरिबाकडून कमी पैसे घ्यायचे, मिशनला देणगी द्यायची, तोट्यातली टूरही चांगल्या कामासाठी काढायची. मुलासाठी टूर म्हणजे धंदा. हिशोब चोख पाहिजे आणि धर्मकार्य धंद्याच्या पैशांतून नको. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. बापाची तळमळ नसती तर कंपनी जन्मली नसती आणि मुलाची शिस्त नसती तर ती टिकली नसती. पण एका कचेरीत दोघं मावेनात.

१८७८ साली भागीदारी तुटली. थॉमसला ठरावीक वार्षिक रक्कम मिळू लागली आणि कंपनी जॉनच्या हातात गेली. तिथून ती जगभर पसरली. नाईलवर तिच्या बोटी धावू लागल्या, राजे-महाराजे तिचे गिऱ्हाईक झाले. आणि ज्याचं नाव दारावर होतं, तो लेस्टरच्या घरात बसून होता.

नोव्हेंबर १८८० मध्ये त्याची एकुलती एक मुलगी ॲनी न्हाणीघरात मृतावस्थेत सापडली. पाणी तापवायच्या नव्या गॅस बंबातून निघालेल्या विषारी वायूने तिचा जीव घेतला होता. चार वर्षांनी मेरियन गेली. हळूहळू थॉमसची दृष्टीही गेली. ज्याने एवढ्या लोकांना जग दाखवलं, त्याला स्वतःला शेवटी काही दिसेना. १८९१ साली कंपनीने लफबरोच्या त्या पहिल्या गाडीचा सुवर्णमहोत्सव थाटात साजरा केला. त्या समारंभाला थॉमस नव्हता.

१८ जुलै १८९२ रोजी लेस्टरमध्ये त्याचं निधन झालं. वय ८३.

लफबरो ते पॅरिस

१९२८ मध्ये नातवंडांनी कंपनी विकली. मालक बदलत गेले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनमधली कंपनी कर्जाखाली बुडाली. भारतातली थॉमस कुक तोवर वेगळ्या मालकीची झाली होती, ती चालू राहिली. युरोपचं ते वेळापत्रक कंपनीने २०१३ मध्ये थांबवलं, पण ते तयार करणाऱ्या लोकांनी पुढच्याच वर्षी स्वतंत्रपणे पुन्हा सुरू केलं.

आज हायस्पीड रेल्वेने युरोपची छोटी ट्रिप आखणाऱ्याला कुकचे धडे अजून लागू पडतात. पास असला तरी फ्रान्सच्या टीजीव्हीत सीटचं रिझर्व्हेशन वेगळं करावंच लागतं. लंडनहून येणारी युरोस्टार पॅरिसच्या गार द्यु नोर स्टेशनवर सोडते, तर जिनिव्हाची गाडी गार द लियोंवरून सुटते, म्हणजे मध्ये शहर ओलांडायला वेळ हवा. ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेन व्हिसा वेगळा. गाडी ताशी ३०० किलोमीटरने धावते, पण ट्रिप बिघडते ती अजूनही दोन गाड्यांच्या मधल्या सांध्यावरच. प्रेस्टनला न मिळालेल्या चहाने कुकला जे शिकवलं, ते हेच.

आणि एक योगायोग. युरोस्टार लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून सुटते. हे स्टेशन १८६८ साली मिडलँड रेल्वेने बांधलं. ज्या मिडलँड काउंटीज कंपनीने कुकला ती पहिली स्पेशल गाडी दिली होती, ती १८४४ मध्ये याच मिडलँड रेल्वेत विलीन झाली होती. आजही लफबरो आणि लेस्टरच्या गाड्या सेंट पँक्रसलाच येतात. म्हणजे सकाळी लफबरोत चहा घेऊन निघालेला माणूस लेस्टरवरून सेंट पँक्रसला येतो, त्याच इमारतीत गाडी बदलतो आणि त्याच दिवशी पॅरिसमध्ये उतरतो.

लेस्टर स्टेशनच्या बाहेर थॉमस कुकचा पुतळा आहे. एका हातात घड्याळ, बाजूला सामान. गाडीची वेळ झालेल्या माणसासारखा तो उभा आहे.